गरम पाण्याच्या पिशवीची पाणबुडी

आमच्या यांच्या कंपनीला टाळं लागलं, त्या वर्षी माझी गरम पाण्याची पिशवी चोरीला गेली. चोर घरातलाच होता.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. आम्ही कोपरखैरण्याला नुकतेच राहायला आलो होतो. एक खोली, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी. मी वाशीच्या एका दवाखान्यात नर्स होते आणि हे तुर्भ्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज दुरुस्त करायचे. टाळेबंदी झाल्यावर सुरुवातीला रोज गेटवर जाऊन बसायचे. पुढे गेटवर कोणी येईना, तेव्हा घरात बसले. बसले ते बसलेच. दाढी वाढली, बोलणं आटलं. शेजारी काही विचारतील म्हणून दूध आणायलासुद्धा खाली उतरेनात. तुर्भ्याच्याच एका वर्कशॉपवाल्याने 'येऊन भेटा' म्हणून निरोप धाडला, तर "बघू" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दवाखान्यात मी मरणाला टेकलेली माणसं पाहत होते, पण या पाठीची जेवढी भीती वाटली तेवढी त्यांची कधी वाटली नाही. मला माझा माणूस परत हवा होता आणि कुठून आणायचा ते कळत नव्हतं.

माझा मामेभाऊ जहाजावर नोकरीला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा खेळण्यातल्या विमानाचा रेडिओ कंट्रोल घेऊन आला. विमान त्याने पहिल्याच दिवशी आपटलं होतं, उरलेला संच यांच्यापुढे ठेवून म्हणाला, "भावजी, बघा काही होतंय का." बरेच दिवस तो कपाटावर धूळ खात पडला. मग एका संध्याकाळी मी ड्यूटीवरून आले तर हे उठून बसलेले.

"विमान काय, कोणी पण करतं," म्हणाले. "मी पाणबुडी करतो."

हौसेला मोल नसतं म्हणतात. एरवी मी चार शब्द सुनावले असते, पण ते उठून बसले होते, म्हणून चहा टाकायला गेले.

प्लॅस्टिकच्या जाड पाइपचा तुकडा आला, गॅरेजमधून गाडीच्या काचेवर पाणी उडवणारा चिमुकला पंप आला. पोटात दुधाच्या पावडरचा डबा बसवला. पंपाने डब्यात पाणी घ्यायचं, की पाणबुडी जड होऊन खाली; पाणी बाहेर फेकायचं, की वर. मला वाटलं, झालं की मग! पण पहिल्यांदा पिंपात सोडली तर ती डोक्यावर उभी राहिली, शेपटी वर. मी हसले. हे मात्र पिंपाच्या काठाला हनुवटी टेकून बघत राहिले.

"डबा अर्धाच भरलेला असतो ना," जेवताना म्हणाले, "नाक जरा झुकलं की सगळं पाणी नाकाकडे पळतं. बुडवायला काय अक्कल लागते? सरळ बुडवून सरळ वर आणायची, टेन्शन त्याचं आहे."

किती दिवसांनी एवढी वाक्यं ऐकली! आमटी वाढायचीच विसरले.

पिशवी गेली ती त्याच आठवड्यात. रबरी पिशवीत हवा नसते, पाणी येईल तेवढीच ती फुगते, पाण्याला पळायला जागाच राहत नाही, असं मला समजावलं.

"आणि माझी कंबर?"

"तुला वीट तापवून देतो," म्हणाले आणि चक्क हसले. पाणबुडी पिंपात आडवी, शहाण्यासारखी खाली गेली.

तेव्हा माझ्याच तोंडाला खाज सुटली. "पंप अडकला तर? आमच्याकडे पेशंटची एक शीर बंद पडली तर दुसरी बघून ठेवलेली असते. तुमची दुसरी कुठाय?"

यांचा चेहरा उतरला. रात्रभर मी स्वतःला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी घरी आले, बेल दाबली तर वाजेना. दार ठोठावलं. उघडलं तर यांच्या हातात बेलच्या आतलं तारेचं गुंडाळं.

"ही घे तुझी दुसरी शीर!"

तारेतून वीज गेली की तिचं लोहचुंबक होतं. पाणबुडीच्या पोटाखाली शिशाचा तुकडा लोखंडी पट्टीवर बसवला आणि तो या चुंबकाने धरून ठेवायचा. बॅटरी संपली की पकड सुटते, शिसं तळाला जातं आणि हलकी झालेली पाणबुडी आपोआप वर येते.

"म्हणजे वर यायला तिचा जीव जायला पाहिजे?"

"जीव नाही गं, बॅटरी," वैतागून म्हणाले.

खंडेनवमीला कारखान्यात दरवर्षी यंत्रं धुऊन-पुसून पूजा व्हायची. हे स्वतःच्या हाताने झेंडू बांधायचे. या वर्षी पूजायला यंत्रच नव्हतं, म्हणून पाणबुडी पाटावर आली. तिचा एकेक भाग सोडवून धुतला, पुसला, पुन्हा जोडला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. दसऱ्याला दाढी केली आणि सीमोल्लंघन म्हणून गावातल्या तळ्यावर निघाले. खाडी जवळच होती, पण खाऱ्या पाण्यात रेडिओ पोचत नाही म्हणे. कंपनीतल्या मित्रांनाही निरोप धाडले होते.

पाणबुडी डौलात निघाली. खटका दाबला, सरळ बुडाली. टाळ्या पडल्या. वर यायचा खटका दाबला. पाणी हललं नाही. पुन्हा दाबला.

"जाळी," हे पुटपुटले. "पंपाच्या तोंडाची जाळी धुऊन खिडकीत वाळत टाकली, ती तिथंच राहिली. झेंडूची पाकळी गेली असणार आत."

"कंपनीसारखी खालीच बसली रे!" एक मित्र म्हणाला. सगळे हसले. मला त्याला तळ्यात ढकलावंसं वाटलं. हे पायरीवर बसले, पाण्याकडे तोंड करून. तीच पाठ.

हळूहळू मित्र आपट्याची पानं हातात देऊन निघून गेले. पलीकडे कपडे धुणारी गावातली एक बाई म्हणाली, "होरी बुरली गो तुमची. घरा जा आता."

"चला," मीही म्हणाले. "दुसरी करू."

"थांब. बॅटरी संपू दे."

आम्ही थांबलो. दिवस कलला. मी देवाला काय काय बोलले ते सांगत नाही. निम्म्या शिव्याच होत्या. आणि मग तळ्याच्या मधोमध पाणी फुगलं आणि ती आली. सरळ, आडवी. वाऱ्याने हळूहळू काठाला लागली. हे गुडघाभर पाण्यात उतरले, तिला उचलून छातीशी धरलं आणि म्हणाले, "सगळं संपल्यावरच वर येते गं ही. मीच तशी केलीय."

मी रडले. तळ्यावर, भर रस्त्याच्या कडेला, त्या बाईसमोर.

दसरा झाल्यावर काही दिवसांनी मला सुट्टी होती. सकाळपासून हे दिसले नाहीत, खाली कुठे गेले असतील असं समजून मी चरफडत होते. संध्याकाळी पोळ्या लाटत असताना बेल वाजली. पाणबुडीला गुंडाळं दिल्यापासून मुकी असलेली आमची बेल. मी पिठाच्या हातांनी दार उघडलं.

बाहेर हे उभे होते, हाताला ग्रीस लागलेलं, बगलेत माझाच जेवणाचा डबा.

"तुर्भ्याच्या त्या वर्कशॉपमधून आलो," म्हणाले. "उद्या दोन पोळ्या जास्त दे."