सेन्सरवर बसलेली रुई

न चाललेल्या प्रकल्पाला तुम्हीही अहवालात ‘यशस्वी’ म्हटलंय का?

अमरावतीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्हा चौघांना अकोटच्या एका जिनिंगने, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याने, प्रकल्प दिला होता. कापूस लोटणाऱ्या बाईचा हात रोलरजवळ गेला की यंत्र थांबवणारा सेन्सर बनवायचा होता. कॉलेजात तो दर वेळी चालला. जिनिंगमध्ये मात्र अर्ध्या तासात त्याच्यावर रुई बसली आणि हाताऐवजी काठी पुढे केली तरी यंत्र थांबेना. मी अहवालात तसंच लिहिलं.

“काहून पायावर कुऱ्हाड मारून राहिला बे?” गटातला मित्र चिडला. “परीक्षक काय अकोटले पाहाले येते?”

जिनिंगच्या मालकांनी अहवालावर सही नाकारली असती तर चौघांचंही वर्ष गेलं असतं. त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

“बरं केलं लेकहो. नाई तं याच्या भरवशावर एखाद्या बाईनं हात घातला असता,” ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

परतीच्या एसटीत तो चिडलेला मित्र माझ्या खांद्यावर डोकं टाकून अमरावतीपर्यंत गाढ झोपला.

शेवटच्या वर्षाच्या मित्रमैत्रिणींनो, आजच तुमचा अहवाल उघडा आणि जे चाललं नाही, ते त्यात लिहा.