कुकरच्या शिट्ट्या येतात आणि जातात

स्वतःशी मायेनं वागायला मी ज्या दिवशी शिकलो, त्या दिवशी आमचा कुकर करपला.

सुनंदा, माझी बायको, गेल्यानंतर माझी थोरली बहीण अक्का धुळ्याहून आमच्या भेस्तानच्या फ्लॅटवर येऊन राहिली होती. शाळेत मराठी शिकवण्यात हयात घालवलेला माणूस एकटा राहिला तर उपाशी मरेल, असं तिचं पक्कं मत. (पुरावा म्हणून ती माझा चहा दाखवायची.)

"माझ्याबरोबर धुळ्याला चल," ती म्हणाली. "नाहीतर उद्या एकट्यानं वरण-भात करून दाखव. जमला, तर राहा इथे."

मला इथेच राहायचं होतं. इथल्या खिडकीत सुनंदाची खुर्ची होती. धुळ्यात खुर्च्या पुष्कळ, पण त्या कुणाच्याही!

सकाळी मी कुकर लावला. मदतीचा आरोप नको म्हणून अक्का समोरच्या हंसाबेनकडे जाऊन बसली. मधला वेळ वाया कशाला घालवा? "मामा, तुम्ही स्वतःला फार बोलता. हे ऐका," म्हणत भाचीनं माझ्या फोनवर ध्यानाचा एक पाठ घालून दिला होता. मी सुनंदाच्या खुर्चीत बसलो, तो लावला, हात छातीवर ठेवला.

"मी सांगेन तेव्हाच डोळे उघडा," फोनमधली बाई म्हणाली. "आवाज येतील, जातील. त्यांच्यामागे धावू नका."

शिट्टी आली, गेली. मी धावलो नाही. आणखी आल्या, त्याही गेल्या. मग शिट्ट्या थांबल्याच. केवढी ही प्रगती!

"आता तुमच्यावर माया करणारं माणूस आठवा. ते आत्ता काय म्हणेल, ऐका."

सुनंदा लगेच आली. म्हणाली, "अहो, कुकर!"

इतकं स्पष्ट, की माझे डोळे भरून आले. मी मनातल्या मनात तिचे आभार मानले आणि तसाच बसून राहिलो.

मग करपल्याचा वास आला. वासही येतात आणि जातात; हा मात्र मुक्कामाला आला होता. दारावर हंसाबेनच्या धपाधप थापा पडल्या.

"मास्तर! ओ मास्तर! बारणुं खोलो!"

हंसाबेनकडे सुनंदानं ठेवलेली किल्ली होती. दोघी आत आल्या, तर समोर धूर, आणि धुरात खुर्चीवर मी : डोळे मिटलेले, गालावर पाणी, हात छातीवर.

"हाय हाय! अटॅक!" हंसाबेननं गॅस बंद केला आणि अख्खा तांब्या माझ्या डोक्यावर ओतला. अक्कानं कांदा फोडून नाकाशी धरला. मी तरीही डोळे उघडले नाहीत. (शिक्षक माणूस, सूचना पाळतो.)

"तुले काय व्हयनं रे भाऊ?" घाबरली की अक्का थेट अहिराणीत रडते. "आता तू तरी जाऊ नको रे!"

"आता सावकाश डोळे उघडा," फोन म्हणाला.

मी उघडले. "अक्का, कुकर झाला का गं?"

अर्धा कांदा कपाळावर बसला!

"बॅग भर!" अक्का म्हणाली.

कुकरचा तळ काळाकुट्ट झाला होता. मी छातीवर हात ठेवून स्वतःला म्हणालो, "असू दे. पहिल्यांदाच केलंस."

"सुनंदा असं म्हणाली असती?" अक्कानं विचारलं.

"म्हणाली असती. आणि पुढे म्हणाली असती, घासा आता."

मी घासायला बसलो. चिंच लावली, तारेची घासणी घेतली. मध्ये हंसाबेननं खिचडी-कढी पाठवली, ती खाल्ली आणि पुन्हा घासलं. दुपार कलता कलता तळ दिसला. अक्कानं कुकर खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून पाहिला.

"करपलेला कुकर घासणारा उपाशी मरत नाही," ती म्हणाली, आणि तिनं फक्त स्वतःची बॅग भरली.

मी अजून रोज ध्यान करतो. सुनंदाची खुर्ची आता स्वयंपाकघरात आणली आहे. एक हात छातीवर, दुसरा गॅसच्या बटणावर. स्वतःवर माया करतो. भरवसा मात्र ठेवत नाही.