नाव, पत्ता आणि रविवारचं वाचनालय

नागपूरच्या विमानतळावर मला सोडायला अर्धी वस्ती आली होती. आईनं बॅगेत तिखट, सांडग्या मिरच्या आणि जवसाची चटणी एवढी कोंबली होती की चेन लावायला दोघींना वर बसावं लागलं. बाबा मात्र रिकाम्या हातांनी उभे होते, रविवारी विहारात जाताना घालायचा पांढरा शर्ट घालून. आत जायची वेळ झाली तसे जवळ आले आणि म्हणाले, "तिकडं बोलाची वेळ आली त आपलं नाव सांगजो, म्हणणं सांगजो, अन् बसजो. फुलं वाहत बसू नोको." एवढ्या लांब चाललेल्या लेकीला हा काय निरोप! सांभाळून राहा नाही, फोन कर नाही. विमान सुटलं तरी मी त्यांच्यावर रुसलेलीच होते.

बाबा कापड गिरणीत कामाला होते. अक्षरं शिकले ती मिशा फुटल्यावर, विहारातल्या मोठ्यांच्या वर्गात, आणि तीही फक्त रविवारी, कारण सुट्टी तेवढीच. त्या वर्गात प्रत्येकाला उभं राहून दोन वाक्यं बोलावी लागत. तिथला त्यांचा आवाज खणखणीत. मी मात्र कॉलेजात गेले आणि पुटपुटायला शिकले. वस्तीचं नाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, हे आम्ही पोरं अक्षरांच्याही आधी वाचायला शिकलो होतो. कुठं राहतेस असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "स्टेशनजवळ." नागपुरात काय, सगळंच कुठल्या तरी स्टेशनजवळ असतं.

एम.ए.ला अमेरिकन साहित्याचा पेपर होता. सुरुवातीलाच प्युरिटन, म्हणजे इंग्लंडहून आलेले कर्मठ ख्रिस्ती. ही मंडळी मला मुळीच आवडली नाहीत. आपला धर्म आपल्या पद्धतीनं पाळता यावा म्हणून समुद्र ओलांडून आले, आणि आल्या आल्या वेगळं मत मांडणाऱ्याला गावाबाहेर काढू लागले. आधीपासून राहणाऱ्यांची जमीन घेतली, चेटकीण म्हणून बायकांना फासावर चढवलं. त्यात त्यांची श्रद्धा अशी, की कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवानं माणूस जन्मायच्या आधीच ठरवून ठेवलंय. जन्माआधीच लायकी ठरवणारी माणसं! त्यासाठी मला अमेरिकेचा इतिहास वाचायची गरज नव्हती. पेपर चांगला गेला आणि मी सुटले म्हणून हुश्श केलं. पण नशीब बघा, नवऱ्याला नोकरी लागली ती नेमकी मॅसॅच्युसेट्समध्ये, त्यांच्याच गावात.

न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या नणंदबाई, तुम्हाला ओक ट्री रोडवर कढीपत्त्याच्या जुड्या मिळतात. कॅलिफोर्नियात सांता क्लाराच्या माझ्या मैत्रिणींनो, तुमच्या शेजारी निम्मं पुणं राहतं. माझ्या वाट्याला आलं पांढरं, लाकडी, जुनं मीटिंगहाउस, म्हणजे प्युरिटनांचं प्रार्थनाघर. पहिल्या हिवाळ्यात थंडीनं हैराण होऊन मी आत शिरले. मूर्ती नाही, धूप नाही, रंगीत काच नाही. साधे बाक आणि साध्या खिडक्यांतून येणारा उजेड. बुद्धाची मूर्ती सोडली तर आमचा विहारही असाच साधा. तो आठवला आणि स्वतःचाच राग आला. या लोकांच्या घरात आठवायला दुसरं काही मिळालं नाही का?

हळूहळू कळलं की प्युरिटन गेले, पण त्यांची खोड गावात राहिली. शेजारीण सुट्टीच्या दिवशी खुर्चीत बसलेली दिसली तर आपणहून खुलासा करते की सकाळभर बागेत काम केलंय. कसे आहात विचारलं की लोक अभिमानानं "बिझी" म्हणतात. मी आता इथल्या कॉलेजात तेच साहित्य शिकवते. वर्गात सांगते, की त्यांच्या नातवंडांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या त्या आजोबांशी भांडण्यासाठी. एका बाईवर रोखलेले अख्ख्या गावाचे डोळे, अब्रूदार चेहऱ्यामागं दडवलेलं पाप, रोज स्वतःच्याच मनाची झडती घेणारा माणूस, हे सगळं त्याच घरातलं. पण त्यांच्या दोन गोष्टींपुढं मी हरले. प्रत्येकाला धर्मग्रंथ स्वतः वाचता आला पाहिजे, म्हणून गावानं पोरांना शिकवायचंच, असा त्यांचा कायदा होता. आणि बोलायचं ते शेवटच्या बाकावरच्या माणसालाही कळेल असं साधं. फुलं वाहायची नाहीत. हे वाक्य मी विमानतळावर फुकट मिळवलं होतं आणि त्यावर रुसून बसले होते.

यंदा आमच्या गावाच्या वाचनालयाचा रविवार बंद करायचं ठरत होतं. दर रविवारी दुपारी तिथल्या तळघरात मी मोठ्यांचा वर्ग घेते. घरं साफ करणाऱ्या ब्राझीलच्या बायका येतात, एक नेपाळी स्वयंपाकी येतो, नातवंडं सांभाळायला आलेल्या आपल्या दोन मावश्या येतात. त्यांना दुसरा मोकळा दिवस नाही. रविवार गेला की वर्ग गेला. आणि हा निर्णय कुणा साहेबाच्या हाती नव्हता. गावातले मतदार शाळेच्या हॉलमध्ये जमतात, वाद घालतात आणि कार्ड वर करून मत देतात. ही टाउन मीटिंगसुद्धा त्या प्युरिटनांचीच देणगी. मी नुकतीच सिटिझन झाले होते. माझी ही पहिलीच सभा.

आमच्या मदतीला धावले कुलकर्णी काका. मूळचे पुण्याचे, रिटायर्ड इंजिनिअर, महाराष्ट्र मंडळाचे कायमचे अध्यक्ष. त्यांनी मला भाषण लिहून दिलं, त्यातलं पहिलं पान नुसतं 'आदरणीय'वाल्यांनी भरलेलं. एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! सभेच्या सकाळी ते शाल आणि नारळ घेऊन थेट स्टेजवर चढले. "अगं, अध्यक्षांचा सत्कार केल्याशिवाय सभा स्टार्ट कशी करतात? बेसिक मॅनर्स आहेत हे!" सभा चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या, साध्या स्वेटरमधल्या. त्यांनी दोन्ही हात मागं घेतले आणि माइकवरूनच सांगितलं, की मला कुणाकडूनही काही घेता येत नाही, आपण कृपया बसून घ्या. हॉल हसला. माझी लेक रिया कानाशी कुजबुजली, "आई, इट लुक्स लाइक ही इज ब्राइबिंग हर!" काका नारळ मांडीवर घेऊन मान खाली घालून बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता आमचा विषय बुडाला, असंच मला वाटलं.

विषय निघाला. गावातल्या जुन्या घराण्यातले एक आजोबा उठले आणि म्हणाले, रविवार विश्रांतीचा. आपल्या पूर्वजांना ते कळत होतं. बऱ्याच माना डोलल्या. मी माइकपाशी गेले. काकांचं भाषण खुर्चीवरच राहू दिलं. बाईंनी प्रत्येकाला विचारतात तसं विचारलं, नाव आणि पत्ता?

नाव आणि पत्ता. एवढा साधा प्रश्न, आणि माझा आवाज जुन्या सवयीनं खाली जाऊ लागला. मग बाबांचा पांढरा शर्ट आठवला. मी नाव सांगितलं, आडनावासकट. रस्ता सांगितला, घर सांगितलं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. मग म्हणाले, "माझे वडील गिरणी कामगार. ते वाचायला शिकले ते रविवारी, कारण दुसरा दिवस नव्हता. आपल्या तळघरात अशीच माणसं बसतात. हे गाव वसवणाऱ्यांना वाटायचं, ज्याला वाचता येत नाही त्याला आपल्या आत्म्याचा जाब देता येणार नाही. मी बौद्ध आहे, माझा आत्म्यावर विश्वास नाही. वाचण्यावर आहे. दार उघडं ठेवा." हॉल पुन्हा हसला, पण या वेळी माझ्या बाजूनं. मी बसले.

कार्डं वर गेली. पुढं, मागं, बाल्कनीत, बघावं तिकडं कार्डंच! मोजायचीही गरज पडली नाही. रविवार राहिला! मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. ते आजोबा बाहेर येऊन हात मिळवून म्हणाले, छान बोललात, माझं मत मात्र बदललेलं नाही. अस्सल प्युरिटन! काकांनी शाल शेवटी माझ्याच खांद्यावर टाकली आणि नारळ पार्किंग लॉटमध्ये फोडून सगळ्यांना वाटला. आमच्या घरी पाणी पिताना दहादा विचार करणारी त्यांची पिढी. त्यांनी पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

ज्यांनी ही सभा सुरू केली त्यांनी मला दारातही उभं केलं नसतं. नसू दे. त्यांचं दार, त्यांचा नियम, आणि जिंकले मी.

तिथूनच बाबांना फोन लावला. "नाव सांगितलं?" "हो." "पत्ता?" "तोही. मोठ्यानं." बाबा म्हणाले, "मंग बसली नं?"

दुसऱ्या दिवशी रविवार. तळघरातल्या वर्गात धडा होता, फळ्यावर आपला पत्ता लिहायचा. सुरुवात मी केली. आधी इथला रस्ता लिहिला. त्याच्याखाली नागपूर, आणि इतकी वर्षं स्टेशनआड लपवलेल्या माझ्या वस्तीचं पूर्ण नाव. नेपाळी दादानं विचारलं, यातलं घर कुठलं? मी दोन्ही ओळींवर बोट ठेवलं आणि दोन्ही मोठ्यानं वाचल्या.