आधी बुडलेला माणूस

रॉस टेबट म्हणजे आमच्या पोर्ट चाल्मर्स या छोट्या बंदरगावाचा चित्रकार. शाळेच्या वाचनपुस्तकांतल्या मेंढ्या, ट्रॅक्टर, गमबूट घातलेल्या आज्या, सगळं त्याच्या हातचं. तो बासरी आणि ऑर्गन वाजवायचा हे मात्र गाव साफ विसरलं. मी विसरलो नाही, कारण त्याच्या बँडमध्ये बास गिटार माझी होती.

पंचाहत्तर साली आम्ही एकच रेकॉर्ड काढली. प्रोग्रेसिव्ह रॉक, एका बाजूला एकच गाणं, वीस मिनिटांचं. पहिल्या बाजूला एक कोळी हसत होडी समुद्रात काढतो, दुसऱ्या बाजूला तो बुडतो. कव्हरवर रॉसची आठ चित्रं, त्याच क्रमाने. रेकॉर्ड छापून आली ती बाजू उलट्या होऊन. माणूस आधी बुडायचा, मग मासे धरायला निघायचा! "मेल्यानंतरची मासेमारी," असं एका पेपरवाल्याने लिहिलं आणि पब महिनाभर हसला. रॉसने बासरी माळ्यावर टाकली. तो जन्मभर रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याला शिव्या घालत राहिला आणि मी मान डोलावत राहिलो.

चूक माझी होती. कारखान्यात पाठवायच्या टेपच्या खोक्यांवर एक आणि दोन हे आकडे मीच उलटे घातले होते, बिअर पोटात असताना.

गेल्या मार्चमध्ये जर्मनीहून रॉसला पत्र आलं. तिकडच्या एका कंपनीला ही रेकॉर्ड पुन्हा काढायची होती, त्याच उलट्या क्रमाने. मेलेला माणूस परत समुद्रावर निघतो, यातच सगळी जादू आहे म्हणे. रॉसने चीज रोल पुढे केला आणि पत्र माझ्यापुढे आपटलं.

"बघ नेव्ह, पन्नास वर्षांनी कौतुक झालं, तेही कुणाचं? कारखान्यातल्या गाढवाचं!"

"सरळ क्रमाने काढा म्हणावं."

"म्हटलं. मग राहू दे म्हणतात. करारावर सही केली तर माझी गोष्ट मीच बुडवली. नाही केली तर मागे काय उरणार? मेंढ्या!"

त्याचे डोळे भरून आले होते. मला ते बघवेना.

"रॉस, ते गाढव मी."

खोक्यांचं सगळं सांगून टाकलं. त्याने हातातला रोल शांतपणे संपवला.

"घरी जा, नेव्ह."

नंतर आमच्याकडचा जून ते ऑगस्टचा हिवाळाभर तो मला बघून रस्ता ओलांडायचा. शनिवारी पबमध्ये मी एकटाच बसायचो. लाज वाटायची, आणि त्याची फार आठवण यायची.

नोव्हेंबरात माझ्या दारात नवी रेकॉर्ड येऊन पडली होती. बाजू उलट्याच होत्या. चित्रं मात्र त्याने आठच्या आठ नव्याने काढली होती. शेवटच्या चित्रात कोळी होडी पाण्यात ढकलतोय. मागे छापलं होतं: 'शब्द, संगीत, चित्रं: रॉस टेबट.' आणि खाली माझं नाव: 'गाण्यांचा क्रम: नेव्हिल प्रायर.'

हा टोमणा की माफी, मला अजून कळलेलं नाही. विचारायला तीनदा त्याच्या फाटकापर्यंत गेलो. तिन्ही वेळा आत बासरी चालू होती, आणि दार वाजवायची माझी हिंमत झाली नाही.