डोळ्यांची आखणी

लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत घमेल्यात माती भिजत पडली आहे. तिचा ओला, किंचित कुबट वास स्वयंपाकघरापर्यंत पोचला की बायको म्हणते, "आला तुमचा गणपती." मला मात्र आधी एक माणूस आठवतो, आणि आठवला की आजही पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

सत्तरच्या दशकात तो आणि मी इथेच, लखनौत, शिल्पकला शिकत होतो. दोघांचेही वडील नोकरीपायी इकडे आलेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. इथल्या मराठी मंडळींचा गणपती आम्हीच करायचो. बख्शी का तालाबकडून सायकलवर माती आणायची, सुकताना तडकू नये म्हणून तीत कापूस कुटायचा. मूर्ती तो घडवायचा. त्याचा अंगठा फिरला की सोंडेला वजन यायचं. माझा फिरला की नुसता अंगठ्याचा ठसा उमटायचा. डोळे मात्र माझे. चतुर्थीच्या सकाळी, बाकी सगळं रंगवून झालं की शेवटी डोळे आखायचे, आणि ते त्याला कधी साधले नाहीत. तेवढ्यावर मी मान ताठ ठेवून होतो.

शिक्षण संपलं. मी बँकेत चिकटलो, त्याने चारबाग स्टेशनावर मुंबईची गाडी धरली. तिथे तो कार्टून फिल्मा करू लागला, चित्रामागून चित्र काढून पोपटाला बोलतं करू लागला. मग ते सोडून दगडाकडे वळला. कुठल्याशा बागेत त्याची शिल्पं उभी राहिली. तेही सोडून सिनेमात शिरला, खोटे पूर आणायला, हातभर लांबीच्या आगगाड्या रुळावरून घसरवायला. माणसाने एकात तरी आपटावं की नाही? मी वाट बघत होतो. आई पोळी वाढता वाढता म्हणायची, "तो बघ कुठल्या कुठे गेला. तुझं आपलं दहा ते पाच."

ऐंशीनंतर कधीतरी हजरतगंजच्या टॉकीजमध्ये त्याचा एक सिनेमा लागला. पडद्यावर धरण फुटलं, घुमटांचं अख्खं शहर पाण्यात विरघळलं. शेजारचा गृहस्थ पुटपुटला, "अमाँ, कमाल कर दिया." ते घुमट मातीचे आहेत, हे त्या काळोखात फक्त मला कळत होतं. माझा नुसता जळफळाट झाला. मध्यंतरातच उठून आलो.

त्याच वर्षी चतुर्थीला तो वडिलांना भेटायला आला आणि सकाळी थेट मंडळाच्या हॉलवर. बाहेर आभाळ भरलेलं, आत अंधारलेलं. एव्हाना मूर्तीही मीच करत होतो. बेताचीच व्हायची, लोक डोळ्यांकडे बघून हात जोडायचे. मी कुंचला भिजवत होतो.

"यंदा डोळे मी आखू का रे?" तो म्हणाला. "एवढं सगळं केलं यार, हे एक राहून गेलं."

"नाही," मी म्हणालो. "हे नाही द्यायचो."

तो रुसला नाही. छताला लोंबकळणारा बल्ब त्याने वायरीसकट खाली ओढला, इकडे तिकडे फिरवला आणि मूर्तीच्या डाव्या खांद्याशी, जरा खालून धरला. "आता बघ," म्हणाला. पापणी कुठे संपते ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. हात आपसूक चालला. त्या वर्षी मूर्तीपुढून माणसं हलेनात. एक काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्याकडेच बघतोय गं." सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. त्यानेही थोपटली, आणि मनापासून.

ते यश माझ्या हाताचं की त्याच्या उजेडाचं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. तो पुन्हा गणपतीला आला नाही. मंडळातली जुनी माणसं पांगली, आता मूर्ती घरापुरतीच, वीतभर उंचीची. चतुर्थीला मी कुंचला भिजवला की बायको टेबललॅम्प उचलते.

"नेहमीच्याच जागी ना?" ती विचारते.

"हो," मी म्हणतो. "डावीकडे. जरा खालून."