नकुशीबाईंचं मांजर

शिरूरचं घर आवरून नकुशीबाई मुलाच्या टेम्पोतून सोलापूरला निघाल्या. मांडीवरच्या टोपलीत मांजर होतं. वरवंडला चहाला थांबल्यावर त्या तोंड धुऊन आल्या, तर टोपली रिकामी.

"दिलं सोडून," विक्रम म्हणाला. "आये, तिकडं कुणालाच नकोय ते."

चौथी मुलगी म्हणून बापानं नकुशी नाव ठेवलेल्या त्या बाईच्या मस्तकात तिडीक गेली.

"नको झालं की टाकून द्यायचं व्हय रं?" त्या कडाडल्या आणि टेम्पोची किल्ली काढून त्यांनी कमरेला खोचली.

दोन तास त्या हॉटेलामागच्या उसात हाका मारत फिरल्या. चिखलानं माखलेलं मांजर छातीशी धरूनच परतल्या. मगच कमरेची किल्ली काढून त्यांनी मुलाच्या हातावर ठेवली.