पाच डबे कणीक

सांगवीच्या गंगाराम आबांना एखादी गोष्ट पटकन पटली, असं गावात कुणाच्या पाहण्यात नव्हतं. ग्रामसभेत ठराव वाचून व्हायच्या आत मागच्या रांगेतून त्यांचं ‘न्हाय’ यायचं. ठराव त्यांच्याच अर्जावरचा असला तरी यायचं. डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकलाय म्हणून सांगितलं, त्यालाही ते ‘न्हाय’च म्हणाले, आणि तपासणी संपल्यावर दार समजून औषधांच्या कपाटात शिरू लागले, तेव्हा कुठं ऑपरेशनला तयार झाले.

ही शहाण्णव सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. डोळ्यांवर काळा गॉगल आला. चुलीपुढं बसायचं नाही आणि वाचायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. आबांची पंचाईत झाली, कारण त्यांना या दोनच गोष्टी मनापासून आवडत. बावीस वर्षं फौजेत काढलेली, पण तीही लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात. एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही काय केलं, असं गावानं विचारलं की ‘थंडी लई हुती’ एवढं सांगून ते विषय संपवत. पंचवीस वर्षांत ताईबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोलाही, याच्यापुढचं वाक्य ऐकायला मिळालं नव्हतं.

मुलगी अंजली बारामतीच्या कॉलेजात मराठी घेऊन एम. ए. करत होती. लघुप्रबंधासाठी तिनं युद्धावरची एक जाडजूड कादंबरी निवडली होती. ती एकीकडं वाचायची आणि दुसरीकडं आबांचा वेळ घालवायचा, असा दुहेरी बेत करून ती रोज संध्याकाळी अंगणात मोठ्यानं वाचू लागली. आबा गॉगल लावून ताठ बसत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, एखाद्या पिक्चरचं शूटिंग चाललंय.

आठ प्रकरणं सुरळीत झाली. अडचण आली ती तिचे मार्गदर्शक बोराटे सर यांच्याकडून. सर इंदापूरहून एसटीनं येत आणि तासाला एक मिनिट उशीर झालेला त्यांना चालत नसे, एसटीचा सोडून. अंजलीनं विषय लिहून दिला होता, ‘युद्धाचे भीषण परिणाम’. सर म्हणाले, “हे विषयाचं नाव झालं. तुमचं विधान कुठाय? एका वाक्यात सांगा, ही कादंबरी काय म्हणते. असं वाक्य, की शहाणा माणूस त्याला ‘नाही’ म्हणू शकेल आणि तरी तुम्ही ते पुस्तकातून दाखवून द्याल. सोमवारपर्यंत आणा. नाहीतर कादंबरी सोडा आणि ‘ग्रामीण साहित्यातील निसर्गचित्रण’ घ्या.”

निसर्गचित्रण कॉलेजात आधी अकरा जणांनी केलं होतं. बाराव्यांदा त्याच माळावर त्याच गवताकडं बघायची अंजलीची तयारी नव्हती. या कादंबरीत तिचा जीव अडकला होता, पण का अडकला ते मात्र एका वाक्यात सांगता येत नव्हतं.

शनिवारी सकाळी तिच्या डोक्यात आलं, की ‘नाही’ म्हणणारा माणूस शोधायला बारामतीला कशाला जायचं? तो तर घरातच बसलाय.

“आबा, ऐका. ‘युद्ध हा माणुसकीला लागलेला कलंक आहे.’”

“व्हय,” आबा म्हणाले.

ताईबाई भाकरी थापता थापता थांबल्या. “अवो, ताप हाय का अंगात?”

अंजलीनं ते वाक्य खोडलं. जे आबांनासुद्धा पटतं त्यात विधान म्हणावं असं काहीच नाही, हे उघड होतं.

“‘या कादंबरीत सैनिकी जीवनाचे वास्तव दर्शन घडते.’”

“व्हय की. सैनिकांचं पुस्तक हाय, त्यात सैनिकच असनार. भजनी मंडळ कशाला असंल?”

तेही खोडलं. अशी सात वाक्यं गेली. आबा सगळ्यांना हो म्हणत होते आणि अंजलीला रडू यायचं बाकी होतं. शेवटी ती वैतागून म्हणाली, “मग एवढंच लिहिते, की लेखकाचं लक्ष नाही. सुरुवातीला तुकडीत चाळीस जण. आचारी पाच डबे कणीक घेतो, आठ जणांना एक डबा. नवव्या प्रकरणात सव्वीसच उरलेत, तरी हा पाच डबेच घेतोय! चूक आहे सरळ.”

“न्हाय!”

कुंपणावरची कोंबडी खाली उतरली. आबा खुर्चीच्या कडेला आले होते.

“चूक न्हाय ती. काय लिवलंय तितं? वाच.”

अंजलीनं वाचलं. आचाऱ्यानं परात पुढं ओढली, पाच डबे कणीक घेतली, पाणी घातलं. एवढंच होतं. पुढच्या ओळीत पुन्हा तोफा सुरू झाल्या होत्या.

आबांनी बाह्या वर सारल्या. मग हात पुढं करून, परात समोर असल्यासारखे, म्हणाले, “मी बी पाचच घेतलं हुतं.”

ताईबाईंनी तवा उतरवून ठेवला.

“सकाळी पोरं फुडं गेली. दुपारपतूर कळलं, किती न्हाईत ते. सांजच्याला कणीक घ्यायला बसलो. तीन डबं झालं. चौथा घिऊ का नको? न घ्यावा, तर मीच म्हनलं की गेली म्हून. साह्यबानं कागदावर लिवायच्या आधी माझ्या हातानं झालं आसतं ते. मग घेतला चौथा. पाचवा बी घेतला.”

“मग उरल्या का चपात्या?” ताईबाईंनी विचारलं.

“एक उरली न्हाय. जी हुती त्यांनी गेलेल्यांची बी खाल्ली. गुमान. कुनी कुनाकडं बघितलं न्हाय.”

अंजली आपल्या बापाकडं पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघत होती. याच हातांनी तिला शाळेचे डबे भरून दिले होते. मग तिनं कागद ओढला. “‘आचाऱ्याला जवानांचं मरण मान्य होत नाही, म्हणून तो कणीक कमी करत नाही.’”

“न्हाय. त्याला समद्यांच्या आधी कळतं. म्होरं ताटच येत न्हाय, मग कळनार न्हाय व्हय? पन आपल्या हातानं त्यो सांगनार न्हाय.”

तिनं खोडलं, पुन्हा लिहिलं. “आणि तुमची गोष्ट घालू का?”

“आगं येडी हायस का! माझा लंगर तुझ्या पुस्तकात हाय का? पुस्तकातनं दाव. सरांनी काय सांगितलंय?”

अख्खा रविवार, अंजली वाचत आणि आबा ऐकत, दोघं कादंबरीत कणीक शोधत बसले. तिसऱ्या प्रकरणात सापडली, पाचव्यात सापडली. सातव्यात तर असं सापडलं, की अंजली उठून उभीच राहिली. कोठारावरचा शिपाई म्हणतो, माणसं कमी झालीत, पीठ कमी घे. आचारी उत्तर देतो, ‘मला अजून कुणी कळवलेलं नाही.’ आणि त्याच पानावर, वर, त्यानंच परत न आलेल्यांची दोन ताटं उलटी घालून ठेवलेली असतात. हे पान तिनं दोनदा वाचलं होतं, आणि दोन्ही वेळा तोफांच्या आवाजात ते ना तिला ऐकू आलं होतं ना आबांना.

सोमवारी बोराटे सरांनी कागद वाचला. ‘या कादंबरीतला आचारी मृत्यू सर्वांआधी ओळखतो, पण तो जाहीर करायला नकार देतो, आणि कादंबरीचा युद्धाला असलेला विरोध कुठल्याही भाषणात नसून न घटणाऱ्या कणकेत आहे.’

“मला हे पटत नाही,” सर म्हणाले. “तो सवयीनं पीठ घेतो. हाताला वळण पडलंय, बस्स.”

अंजलीनं सातवं प्रकरण उघडून पुढं ठेवलं. सरांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. बाहेर तासाची घंटा झाली, तरी सर उठले नाहीत.

“मी ही कादंबरी नऊ वर्षं शिकवतोय,” ते हळूच म्हणाले. “लिहा तुम्ही.”

घरी येऊन तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. आबांना सरांच्या कौतुकाचं काही नव्हतं. त्यांना वेगळंच हवं होतं. “लिवनारा कंच्या युनिटचा हुता, ते बघ.”

अंजलीनं मलपृष्ठावरचा मजकूर वाचला. लेखक पोस्टात कारकून. सगळी नोकरी एकाच गावात. फौजेत कधी नाही. युद्ध पाहिलेलं नाही.

“न्हाय,” आबा म्हणाले. पण या वेळी आवाजात भांडण नव्हतं. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि देवळात न जाणारा तो माणूस त्यावर कितीतरी वेळ हात ठेवून बसला. “मी कुनालाच सांगितलं न्हवतं. घरात बी न्हाय. मग ह्याला तिकडं पोस्टात बसून कसं कळलं?”

दुसऱ्या दिवशी आबांनी अंजलीला प्रकाशकाच्या पत्त्यावर एक कार्ड लिहायला बसवलं आणि स्वतः मजकूर सांगितला:

‘स. न. वि. वि. आपण लंगरात कधीच नव्हता असे पुस्तकावर छापले आहे. माझा विश्वास बसत नाही. आपण तिथे होता. मी आपल्याला वाढले असेल, चेहरा आठवत नाही, क्षमा असावी.’